पाटीखालची चुंबळ

आमच्या पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना गटाने एक म्युझिक व्हिडिओ करावा लागतो, आणि त्यातले सर्वांत कंटाळवाणे काम म्हणजे चित्रीकरणापूर्वीचे संशोधन, असे बहुतेकांचे ठाम मत असते. निवडलेल्या गाण्याच्या प्रकारातले व्हिडिओ कसे दिसतात, त्यांत वेश, जागा, कॅमेरा आणि संकलन यांचे ठरलेले संकेत कोणते, हे नोंदवून मगच पटकथेला हात घालायचा असतो. मुले हा भाग एका संध्याकाळी उरकतात आणि ‘रॅपमध्ये गल्ल्या असतात, प्रेमगीतात पाऊस असतो’ अशा दर्जाची टिपणे आणून देतात.

यंदाच्या एका गटाचे गाणे मात्र त्यांचे स्वतःचे होते. पश्चिम उपनगरातल्या एका कोळीवाड्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याने ते लिहिले होते. पहाटे अंधारात उठून भाऊच्या धक्क्यावर लिलावाला जाणारी, मासळी घेऊन बाजारात बसणारी त्याची आई हा त्याचा विषय. ध्रुवपद कोळीगीताच्या झुलत्या ठेक्यावर आणि कडवी रॅपमध्ये, अशी रचना असल्यामुळे दोन्ही प्रकारांचे संकेत अभ्यासणे भाग होते.

मी त्यांना पहिल्या पाहणीत आवाज बंद ठेवायला सांगितले. गाणे ऐकू येत असले की डोळे आळशी होतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. प्रत्येक शॉटसाठी जागा, वेश, कॅमेऱ्याचे अंतर आणि पात्राची नजर कुठे आहे एवढेच लिहायचे. दुसऱ्या पाहणीत आवाज लावून शब्द आणि दृश्य यांचे नाते पाहायचे. अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२ मध्ये या नात्याचे तीन प्रकार मांडले होते: शब्दात आहे तेच दाखवणे, त्यात भर घालणे, किंवा त्याच्याशी फटकून असलेले काही दाखवणे. मुलांनी दहा-बारा कोळीगीते तपासली, तेव्हा जवळपास सगळी पहिल्याच रकान्यात बसली. शब्दात होडी आली की पडद्यावर होडी, दर्या आला की लाटा.

तक्ता भिंतीवर लागला, तेव्हा काही गोष्टी आपोआप स्पष्ट झाल्या. कोळीगीतात कॅमेरा बहुधा रंगमंचासमोरच्या प्रेक्षकाच्या जागी उभा असतो, नर्तकांच्या दोन रांगा एकमेकींकडे पाहत वल्हवण्याची मुद्रा करतात. रॅपर मात्र भिंगात रोखून पाहतो, कॅमेरा खालून वर पाहतो आणि मागे वस्तीतली पोरे उभी असतात. म्हणजे मुख्य गायकामागचा समूह दोन्हीकडे आहे, फक्त नजरेची दिशा बदलते. कॅसेटच्या काळात कोळीगीताला वेष्टनावरच्या चित्रापलीकडे चेहरा नव्हता. व्हीसीडी आल्यावर स्नेहसंमेलनातले कोळीनृत्य जणू उचलून किनाऱ्यावर नेले गेले, असे माझे निरीक्षण आहे. त्रिकोणी रुमाल नेसलेले पुरुष आणि चापूनचोपून लुगडे नेसलेल्या बाया तिथूनच आल्या असाव्यात.

मुलांनी तक्त्यात लाल शाईने ‘साचेबद्ध’ आणि हिरव्या शाईने ‘अस्सल’ असे शिक्केही मारले होते. बायकांच्या अंगावरचे सोने लाल, होडीवरचे नृत्य लाल, डोक्यावरची मासळीची पाटी हिरवी. मला हे वर्गीकरण फार झटपट झाल्यासारखे वाटले, म्हणून मी त्या विद्यार्थ्याच्या आईलाच वर्गात बोलावले. जुलै महिना होता. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असल्यामुळे होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या होत्या आणि त्यांना दुपारी सवड होती.

त्या आल्या, पुढच्या बाकावर बसल्या आणि पहिला व्हिडिओ अगदी हौसेने पाहिला. एका मुलीने विचारले, “काकू, एवढे दागिने घालून कुणी मासळी विकतं का हो?” त्यांनी स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवले. बाजारातून थेट आल्या होत्या आणि अंगावर सोने होते. “आमचं सोनं कपाटात नाय राहत, पोरी,” एवढेच म्हणाल्या. होडीवरच्या नाचाबद्दलही त्यांची तक्रार नव्हती. नारळी पौर्णिमेला पताका लावून घरची सगळी माणसे होडीत बसतात, तेव्हा नाचतातच.

मग त्यांनी चित्र थांबवायला सांगितले. पडद्यावर नायिका डोक्यावर पाटी घेऊन, एक हात कमरेवर ठेवून वळत होती. “ही पाटी रिकामी हाय,” त्या म्हणाल्या. “चुंबळ कुठाय हिची?” आम्ही पुन्हा पाहिले. पाटी आणि केस यांच्यामध्ये कापडाचे वेटोळे नव्हतेच. मासळी आणि बर्फ भरलेली पाटी डोक्यावर असताना मान अशी तिरकी होत नाही, खांदे ताठ राहतात, पाणी कानामागून पाठीवर ओघळते आणि वळायचे झाले तर आधी पाय वळतात, मग डोके, हे त्यांनी उभे राहून, माझी चामड्याची पिशवी डोक्यावर ठेवून दाखवले. हल्ली पुष्कळ जणी प्लास्टिकचे टब वापरतात, असेही त्यांनी सांगितले.

हिरवा शिक्का पुसला गेला, दोन लाल शिक्केही गेले. त्यानंतर मुलांनी तक्त्यात एक नवा रकाना घातला: हे कोणत्या दिवशी घडते? आणि तो भरताना लक्षात आले की बघितलेली जवळजवळ सगळी गाणी सणाच्या दिवशी घडतात. नारळी पौर्णिमा, हळद, कार्ल्याच्या एकवीरेची जत्रा. लिलाव नाही, बर्फ फोडणे नाही, भावावरची घासाघीस नाही. दाखवलेले खोटे नव्हते. कामाचा दिवस तेवढा प्रकारानेच बाहेर ठेवला होता. माझ्या मते संकेतांच्या अभ्यासात काय वारंवार येते याच्या शेजारी काय कधीच येत नाही हे लिहिले नाही, तर तक्ता अर्धाच राहतो. पण हे मी पुस्तकातून शिकवून मुलांना इतके पटले नसते.

पटकथेची मांडणी मग सोपी झाली. ध्रुवपदात सण: पताका, सोने, दोन रांगा, दूरचा कॅमेरा, सगळे संकेत बिनदिक्कत पाळायचे. कडव्यांत पहाट आणि बाजार; कॅमेरा पाटीच्या उंचीवर आणि आई रॅपरसारखी थेट भिंगात पाहणारी. ध्रुवपदाचे चित्रीकरण नारळी पौर्णिमेपर्यंत थांबवले, कारण सजलेल्या होड्या आमच्या खर्चात बसणाऱ्या नव्हत्या.

काकूंनी भूमिका करायला होकार दिला, पण एक अट घातली. पाटी भरलेली पाहिजे, आणि मासळी विकत घ्यायची, उसनी नाही. बर्फाचे पैसे वेगळे, आणि दुपारी दोनच्या पुढे चित्रीकरण लांबले तर बोंबील कोणी घेणार नाही, तो तुम्हीच खायचा, असेही बजावले. गटाच्या खजिनदाराने अंदाजपत्रकात दिव्यांच्या भाड्याखाली ‘मासळी व बर्फ’ अशी नवी ओळ लिहिली.