तुम्ही विचारलंत म्हणून: क्रोमोसोमचा, म्हणजे गुणसूत्राचा, रंग कोणता?

कॉलेजात वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल घेते, त्यामुळे हा प्रश्न मला पोरं विचारतात, त्यांच्या आया विचारतात, एकदा तर भाचीच्या साखरपुड्यात जेवता जेवता कुणीतरी विचारला. ‘क्रोमा’ म्हणजे ग्रीकमध्ये रंग, ‘सोमा’ म्हणजे शरीर. मग रंग कोणता?

कुठलाच नाही. रंग आपण चढवतो.

जर्मनीत कील इथे वाल्थर फ्लेमिंग सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशी रंगवून बघायचे. कापडासाठी निघालेले ॲनिलिन रंग तेव्हा प्रयोगशाळांतही पोचले होते. केंद्रकातला जो भाग रंग पकडून ठेवायचा, त्याला त्यांनी क्रोमॅटिन म्हटलं. डीएनएवर ऋणभार आणि असल्या बऱ्याच रंगांवर धनभार, म्हणून ते घट्ट चिकटतात. पण हे कारण फार नंतर कळलं. पुढे १८८८ साली वाल्डायर यांनी त्या रंगलेल्या काड्यांना क्रोमोसोम हे नाव दिलं. ‘गुणसूत्र’ ऐकून वाटतं की काम ठाऊक असूनच बारसं केलं असणार. तसं नव्हे. आनुवंशिकतेचे नियम सांगणारा मेंडेलचा निबंध तेव्हा धूळ खात पडला होता. गुणांचा आणि या काड्यांचा संबंध सटन आणि बोव्हेरी यांनी जोडला तो १९०२-०३च्या सुमारास.

स्वतः बघायचं असेल तर नाशिकात कांद्याला काय तोटा! कांदाचाळीतला उन्हाळ कांदा घ्या, वाळकी मुळं खरडा आणि बूड पाण्याला टेकेल असा बाटलीच्या तोंडावर ठेवा. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं सुटतात. पेशी विभागतात त्या टोकाशी, म्हणून तेवढंच टोक कापायचं. ॲसिटोकार्मिन या लाल रंगात थोडं ॲसिड घालून त्यात टोक कोमट करायचं, उकळू द्यायचं नाही. (कार्मिन निवडुंगावरच्या किड्यापासून बनतं. शाकाहारी पोरांना हे मी प्रॅक्टिकल झाल्यावर सांगते.) मग स्लाइडवर ठेवून कव्हरस्लिप (पातळ काच), वर टिपकागद आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा जरा तिरका सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि स्लाइड वाया. नीट जमलं तर एखाद्या पेशीत लालसर, आकड्यासारख्या वाकलेल्या काड्या सुट्या दिसतात. मोजा: १६.

माणसाच्या काड्या मोजताना मात्र भलेभले चुकले. १९२०च्या दशकापासून पुस्तकांत ४८ छापलं जात होतं. १९५५ साली स्वीडनमध्ये लुंड इथे त्जिओ यांना ४६ दिसल्या आणि पुढच्या वर्षी त्यांनी आल्बर्ट लेवान यांच्यासोबत ते प्रसिद्ध केलं. पेशी फुगवून काड्या पांगवल्या आणि कोल्चिसिन हे रसायन घालून पेशींचं विभाजन मध्येच अडवलं, म्हणून मोजणी जमली. हे कोल्चिसिन विभाजनाचं काय करतं, ते याच लेवान यांनी १९३८ साली दाखवलं होतं, कांद्याच्या मुळांवर.