काकांनी साखरपुडा ठरवला होता

मी संरक्षण अधिकारी आहे, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका नवऱ्याची, सासरची तक्रार घेऊन येतात. ही पोरगी आली ती सख्ख्या चुलत्याची तक्रार घेऊन.

वय एकोणीस, आईवडील लहानपणीच गेले, वडिलोपार्जित घरातच काका-काकूंनी वाढवलं. काका माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, गावात त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. त्यांनी भागीदाराच्या मुलाशी हिचं ठरवलं, बिजवर, हिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा, आणि ही नाही म्हणाली तेव्हापासून मोबाईल काढून घेतलेला, कॉलेज बंद, आणि जेवायला बसली की काकूचं रोज तेच, तुझ्यासाठी आम्ही काय नाही केलं. परीक्षेचा फॉर्म भरायचाय सांगून निघाली आणि कॉलेजच्या मॅडमना घेऊन थेट आमच्या ऑफिसात.

"मॅडम, मला कोणी मारलं नाहीये, मग तक्रार घेता का?"

मी घरगुती घटना अहवालाचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. त्यात भावनिक छळाखाली छापलेलंच आहे, इच्छा नसताना लग्नाची जबरदस्ती, आणि त्यांच्याच पसंतीच्या माणसाशी लग्नाची जबरदस्ती, दोन वेगळ्या ओळी. तिने बोट ठेवून वाचलं आणि दोन्हींपुढे खूण केली.

मग पर्समधून सातबारा काढला. वडिलांच्या हिश्श्याची जमीन, हिचं नाव, आणि त्यापुढे अजून "अ.पा.क. चुलते". म्हणजे अज्ञान पालनकर्ता, ती सज्ञान होईपर्यंतचा पालक. अठरा पूर्ण झाले की पालकत्व संपतं, वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज केला की फेरफार होऊन शेरा निघतो, पण हे तिला सांगणार कोण? वर म्हणे लग्नाआधी काही कागदांवर सह्या करायच्यात. तेव्हा मला घाईचं कारण कळलं आणि खरं सांगते, डोकं तापलं.

संध्याकाळी काका आले, सोबत चारपाच माणसं. "मी पालक आहे तिचा, घरच्या गोष्टीत पडू नका." मी म्हटलं, ती सज्ञान आहे, तिलाच विचारा. मग तिच्याकडे वळून इतक्या मायेने म्हणाले, "चल बाळा, घरी जाऊ." मला भीती वाटली ती याच आवाजाची. सगळं आयुष्य ज्या हाकेला ओ दिली तिला नाही म्हणणं सोपं नसतं हो. पोरगी थरथरत होती पण उठली नाही. "काका, मला हे लग्न नाही करायचं. मला शिकायचंय."

"मग परत उंबरा चढायचा नाही."

हे वाक्य मी त्यांच्यासमोरच अहवालात लिहिलं, कारण याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे त्या घरात राहायचा तिला हक्क आहे. त्या रात्री तिला सखी वन स्टॉप सेंटरला, म्हणजे संकटातल्या बायकांसाठीच्या सरकारी केंद्रात ठेवलं, लगेच मॅजिस्ट्रेटकडे अर्ज लावला आणि अंतरिम आदेश मिळाला, लग्नासाठी दबाव आणायचा नाही, कॉलेज अडवायचं नाही.

साखरपुडा झाला नाही. शेराही निघाला. आता हॉस्टेलवर राहून सेकंड इयर करतेय, आणि जमिनीच्या वाटपाच्या दाव्याचे कागद तिने स्वतः जाऊन वकिलाकडे दिलेत.