ट्रॉली हलत असताना पक्कं झालेलं वजन

चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या काट्यावर आमचं सॉफ्टवेअर चालतं, क्यूटी या प्रोग्राम बनवायच्या साधनसंचाच्या 5.15 आवृत्तीवर बांधलेलं. गाळप तोंडावर आलेलं, आणि वरिष्ठांनी ठरवलं की आत्ताच क्यूटी 6 वर जायचं. काट्यावर विंडोज 11 चा नवा कॉम्प्युटर आलाय, एवढंच कारण. 5.15 त्यावर नीट चालतं, हे कुणी ऐकूनच घेईना.

मी हट्टानं चाचणी काट्यावरच मागितली. वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरच्या सिरियल केबलला दोन फाटे काढले, एकावर जुनी आवृत्ती, एकावर नवी. मुरमाची ट्रॉली आत आली. जुनीनं थांबून 24,860 किलो दाखवलं. नवीनं मागची चाकं प्लॅटफॉर्मवर यायच्या आधीच 15,340 वर वजन पक्कं केलं. ट्रॅक्टरवाला स्क्रीनकडं बघून म्हणाला, “काटा मारतासा व्हय, साहेब?” या भागात उसाच्या शेतकऱ्यानं हे विचारणं म्हणजे थट्टा नसते.

इंडिकेटर वजनाच्या मागं एक अक्षर पाठवतो. गाडी हलत असेल तर ‘एम’. जुन्या कोडमध्ये ओळ ठरावीक साच्याशी, म्हणजे पॅटर्नशी ताडून बघणाऱ्या क्यूरेगएक्स्पचं एक्झॅक्टमॅच होतं: अख्खी ओळ पॅटर्नमध्ये बसली तरच घ्यायची, म्हणून ‘एम’वाली ओळ आपोआप बाद. क्यूटी 6 मध्ये क्यूरेगएक्स्प जुन्या कोडसाठी ठेवलेल्या वेगळ्या कंपॅट मॉड्यूलमध्ये गेलं. त्याच्या जागी घातलेल्या क्यूरेग्युलरएक्स्प्रेशनचं मॅच ओळीत कुठंही पॅटर्न सापडला तरी चालवून घेतं. पूर्ण ओळ हवी तर अँकर्डपॅटर्न लावावा लागतो. कोडचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर याबद्दल चकार शब्द काढत नाही. ऑफिसातला इंडिकेटरची नक्कल करणारा सिम्युलेटर ‘एम’ कधी पाठवतच नाही, त्यामुळं तिथं सगळ्या चाचण्या पास. काट्यावर पाय न ठेवता काट्याचं सॉफ्टवेअर पास करणं मला पटत नाही.

दुरुस्ती एका ओळीची. “मग टाका की आजच,” वरिष्ठ फोनवर म्हणाले. मी नकार दिला. क्यूटी 6 मध्ये फायलीतला मजकूर वाचणारा टेक्स्टस्ट्रीमही आता मुळातच यूटीएफ-8 ही अक्षरं साठवायची पद्धत धरतो, आणि आमच्या सभासदांच्या नावांच्या जुन्या फायली तशा नाहीत. असं न सांगता बदललेलं आणखी काय काय आहे, ते शेतकऱ्याच्या पावतीवर कळायला नको.

डोक्यातून जात नाही ते वेगळंच. ‘एम’ वेगळा वाचून तपासणारी ओळ जुन्या कोडमध्येही नाही. इतके हंगाम वजनं बरोबर आली ती पॅटर्न कडक होता म्हणून. गाडी हलतेय का, हे आमचा प्रोग्राम कधी विचारतच नव्हता.

सध्या 5.15 च ठेवलंय. या गाळपात इंडिकेटरकडून येणारी प्रत्येक ओळ फाइलमध्ये साठवून घेतोय. क्यूटी 6 ची परीक्षा त्याच ओळींवर. वरिष्ठांना हे अजून मान्य नाही.