दिवाळी अंकाला लेख पाठवण्याआधी

आज वाचनालयात गेल्या वर्षीचे दिवाळी अंक पुन्हा चाळले, यंदा लेख कुठे पाठवायचा ते ठरवायला. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांवर विसंबू नका, मित्रांनो. त्यात बंद पडलेले अंक आणि बदललेले संपादक असतात. संपादक, मुद्रक, प्रकाशक यांची नावं बारीक अक्षरात छापलेलं पान उघडा आणि ईमेल, फोन तिथूनच उतरवून घ्या. मग अनुक्रमणिका बघा: कथा किती, लेख किती, सगळी निमंत्रितांचीच नावं आहेत की नवी माणसंही दिसतात? माझ्या मते अंकाची खरी ओळख इथेच होते.

लेख मागवणाऱ्या आवाहनाच्या पोस्टवर वर्ष आधी तपासा, जुनी आवाहनं दरवर्षी नव्यानं फिरतात. मुदतही गेल्या वर्षीची धरू नका. लक्ष्मीपूजन २०२२ला २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ला अधिक श्रावण आला आणि ते १२ नोव्हेंबरला गेलं. छपाईचं गणित त्यावर हलतं.

पाठवण्याआधी फोन करून चारच गोष्टी विचारा: शब्दमर्यादा, युनिकोड (कुठल्याही फोन-संगणकावर उघडणारं मराठी टायपिंग) चालेल ना, मानधन किती नि कधी, निर्णय कधी कळेल. मानधन विचारण्यात संकोच कसला! उत्तरं तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वर्षी हीच वही उघडून पुन्हा फोन करायचा.