वडिलांच्या नावाचा रकाना

आमच्या तालुक्याच्या गावातल्या देहविक्री करणाऱ्या बायकांच्या वस्तीत मी बायका-मुलांसोबत काम करते. 2024 च्या एप्रिलमध्ये सात वर्षांच्या एका मुलीच्या जन्मदाखल्यासाठी फिरले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

शाळेचं काम एका सकाळीत झालं. वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्यातच आहे आणि मुख्याध्यापकांना ते ठाऊक होतं. पत्त्याचा पुरावा नसला तरी या बायकांना आधार द्या, या 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे आईचं आधारही आधीच निघालं होतं. मुलांच्या संगोपनासाठी दरमहा पैसे देणाऱ्या सरकारी बालसंगोपन योजनेच्या अर्जाला मात्र जन्मदाखला हवा होता. बाळंतपण वस्तीतच, दाईच्या हातून झालेलं, त्यामुळे नोंद नव्हती. वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणून नोंद नसल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि लसीकरणाचं कार्ड घेऊन तहसीलला गेलो.

तिथे सगळं अडलं. टेबलावरच्या माणसाने अर्ज उलटसुलट पाहिला आणि भरल्या रांगेसमोर मोठ्याने विचारलं, "वडिलांचं नाव?" मुलीची आई खाली बघत राहिली. मी म्हटलं, रकाना रिकामा राहील. "असं चालत नाही मॅडम." पहिले तीन हेलपाटे याच एका वाक्यावर गेले. एकदा तो माणूसच जागेवर नव्हता, एकदा साहेब निवडणुकीच्या कामात होते. त्या उन्हात ती दर वेळी मुलीला कडेवर घेऊन यायची, कारण वस्तीत तिला सोडायची कुणाकडे? बाहेर बसलेला एक दलाल म्हणाला, कुठलंही नाव टाका, मोकळे व्हा. हे कधीच करू नका. पुढे त्याच माणसाची कागदपत्रं मागतात आणि मुलगी आयुष्यभर अडकते.

जिन्यात बसून ती म्हणाली, "ताई, सरवा बापनंच नाव इचारतस. माय काय मरी गई का?"

त्याच वर्षी 1 मेपासून जन्मणाऱ्या बाळांच्या कागदपत्रांत आईचं नाव लावण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला होता. आणि इथे आई समोर उभी असताना तिचं नाव पुरत नव्हतं!

चौथ्या वेळी मी 6 जुलै 2015 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत नेली. एकट्या आईने प्रतिज्ञापत्र दिलं की जन्मदाखला द्यावाच लागतो, असं त्यात स्पष्ट आहे. प्रत टेबलावर ठेवून म्हटलं, नकार असेल तर लेखी द्या. लेखी नकार कोणी देत नाही. फाईल तासाभरात साहेबांपुढे गेली.

एक राहिलं. प्रतिज्ञापत्रातलं आईचं नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, लिहून घ्या. आमचं एका वेलांटीवरून परत आलं, त्यात आणखी एक दिवस गेला. आणि बाईला एकटीला पाठवू नका.

दाखला मिळाला तेव्हा तिने स्वतःच्या नावावर बोट ठेवून मला तो दोनदा वाचायला लावला. बालसंगोपनचा अर्ज आता आत गेला आहे. सोमवारी त्याची चौकशी करायला जायचं आहे.