पेढे संपतात, ‘ओव्हर’ होत नाहीत

‘रन आउट’ म्हटलं की आपल्याला आधी उडालेल्या बेल्स दिसतात. इथे विषय ‘रन आउट ऑफ’चा आहे, म्हणजे जवळचा साठा संपणे.

साताऱ्यातल्या पेढेवाल्याला परगावच्या गिऱ्हाईकाला इंग्रजीत सांगायचंय, ‘कंदी पेढे संपले.’ तोंडात पटकन येतं, ‘पेढा इज ओव्हर.’ समोरच्याला कळतं, पण इंग्रजीत ‘ओव्हर’ होते ती मॅच, तास, लग्नसराई. ज्याला सुरुवात असते तेच. साठ्यातल्या मालासाठी, ‘वी हॅव रन आउट ऑफ पेढाज.’

अडतं ते ‘वी’पाशी. मराठीत वस्तू संपते. आपण संपलो म्हटलं तर शेजारीपाजारी धावत येतील! इंग्रजीत मात्र ज्याच्याकडचं संपलं तो माणूस कर्ता होतो. वस्तूलाच कर्ता करायचं तर ‘ऑफ’ गाळायचा: ‘द शुगर हॅज रन आउट.’ ‘शुगर वॉज रन आउट’ मात्र साफ चूक, इथे कर्मणी प्रयोग होत नाही.

काळातही गफलत होते. ‘साखर संपली’ हे रूप भूतकाळाचं, पण म्हणायचं असतं की आत्ता डबा रिकामा आहे. म्हणून ‘हॅव रन आउट’. रूपं रन, रॅन, रन अशी चालतात, तेव्हा ‘हॅव रॅन आउट’ नको. ‘काल कराडजवळ पेट्रोल संपलं’ यात वेळ ठरलेली आहे, तिथे साधं ‘वी रॅन आउट ऑफ पेट्रोल’. आणि काटा खाली आलाय, अजून गाडी चालतेय, तर ‘वी आर रनिंग आउट ऑफ पेट्रोल’, म्हणजे संपत आलंय.

मुदतीच्या गोष्टींना माणूस कर्ता चालत नाही. एसटीचा पास रविवारी संपणार असेल तर ‘माय पास रन्स आउट ऑन संडे’. ‘आय रन आउट ऑफ माय पास’ म्हटलंत तर पासांचा गठ्ठा संपला असं वाटेल.

वेळ आणि सहनशक्ती हा साठाच धरतात: ‘आय ॲम रनिंग आउट ऑफ पेशन्स.’ पेपरची वेळ संपल्यावर पर्यवेक्षक ‘टाइम इज ओव्हर’ म्हणतात, तिथे रूढ इंग्रजी ‘टाइम इज अप’.

‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’ आला तर अर्थच फिरतो. ‘ही रॅन आउट ऑन हर’ म्हणजे तो तिला वाऱ्यावर सोडून गेला.