गोळी बंद, मग पुढे?

३ जून, रात्री

आज दुपारी पतसंस्थेत एका आजोबांच्या पासबुकावरचे आकडे माझ्या डोळ्यांदेखत अर्धे पुसले गेले. डावीकडचे दोन दिसत होते, उजवीकडे नुसती पांढरी भगभग. मग त्या पांढऱ्याच्या कडेने एक नागमोडी रेघ चमकायला लागली, लग्नाच्या मांडवाला लावतात तशा माळेसारखी. वीसेक मिनिटं हे चाललं. रेघ गेली आणि नेहमीचं कानशील ठणकायला लागलं. असं याआधी तीनदा झालंय. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं धरून मी चालले होते.

संध्याकाळी डॉक्टर मॅडमकडे गेले ती खरं तर गर्भनिरोधक गोळ्यांचं पुढचं पाकीट लिहून घ्यायला. त्यांनी नेहमीप्रमाणे बी.पी. बघितलं आणि सहज विचारलं, डोकं वगैरे दुखतं का? मी पासबुकाची गोष्ट सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आधी डोळ्यांपुढे असं काही येतं आणि मग अर्धशिशी उठते, हे तू मला आत्ता सांगतेस?"

या गोळ्यांत इस्ट्रोजेन हे हार्मोन असतं. अशा प्रकारच्या अर्धशिशीत ते घेतलं की मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत अशी अर्धशिशी आणि या गोळ्या ही जोडी चौथ्या वर्गात बसते, म्हणजे 'वापरूच नये' असा वर्ग. माझं वय ३५, तंबाखू-सिगारेट काही नाही, बी.पी. ठीक, तरीही नाही.

रिक्षात बसल्यावर आठवलं, डोकेदुखीसाठी मी दोन वर्षं दुसऱ्या डॉक्टरांकडे जात होते. त्यांनी दर वेळी विचारलं होतं, "बाकी कुठल्या गोळ्या चालू?" आणि मी दर वेळी "काही नाही" म्हणाले होते. लपवायचं नव्हतं मला. लेक दोन वर्षांची झाल्यापासून रोज रात्री भांडी घासून झाली की घ्यायची ती गोळी मला औषध वाटतच नव्हती.

पाकिटात नऊ शिल्लक आहेत.

७ जून

मॅडमनी सांगितलं होतं की फक्त प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असलेले प्रकार मला चालतील, सगळे हार्मोन काही बाद नाहीत. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आहे, ते सरकारी दवाखान्यात 'अंतरा' नावाने फुकट मिळतं. पण माझं मन उडालंय. यात शास्त्र किती आणि रुसवा किती, ते मलाच नीट सांगता येणार नाही. तीन वर्षं आतमध्ये काय चाललंय त्याची गंधवार्ता नव्हती, आता जे काही करायचं ते हार्मोनशिवाय.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग आहेच की निरोध." निरोध! घरातल्या कपाटात कुठलाही ब्रँड असो, तोंडात नाव तेच, १९६८ साली सरकारने काढलेलं. आणि 'आहेच की' म्हणणाऱ्या माणसाने तीन वर्षांत एकदाही ते आणलेलं नाही. आज मात्र गेला. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नाही, सिडकोतल्या. छत्री विसरून गेला होता, भिजून आला, खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी काढली. भेळ आणल्यासारखी.

मला हसू आलं, पण मला तरी हसायचा काय हक्क? गोळ्यांचं पाकीट मी साड्यांच्या मागे ठेवत होते. १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. गणिताचे प्राध्यापक, या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यावरून अश्लीलतेचे खटले सोसले, एका खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. त्याला शंभर वर्षं उलटून गेली आणि आमच्याकडे अजून वर्तमानपत्राची पुडी.

१४ जून

निरोधाबद्दल तक्रार नाही. रोगांपासूनही वाचवणारी तेवढी एकच गोष्ट आहे. पण आकडे मी वाचलेत. दर वेळी आणि अगदी नीट वापरला तर वर्षभरात शंभरातल्या दोघींना दिवस जातात. माणसं प्रत्यक्षात जशी वापरतात तसा वापरला तर तेराजणींना. या 'प्रत्यक्षात'मध्ये आमचं घर आलं: शनिवारी उशिरा आलेले पाहुणे, संपलेलं पाकीट, 'आज चालतंय गं'. वेळेवर बाजूला होण्याचा जो जुना भरवसा, त्यात शंभरातल्या वीस.

दिवस मोजण्याचाही विचार केला. मोजायची मला आवड आहे, कामच ते. पाळी २६ ते ३२ दिवसांत येणारी असेल तर आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत जपायचं, असा एक हिशेब आहे. माझं चक्र गोळीच्या आधी कधी २७, कधी ३५. आणि गोळी नुकतीच सुटलीय, पुढचे काही महिने ते कुठल्या तालावर नाचेल सांगता येत नाही. जाऊबाईंनी हाच हिशेब चार वर्षं केला. पाचव्या वर्षाचा हिशेब आता बालवाडीत जातो आणि फार गोड आहे.

ऑफिसातल्या मैत्रिणीने 'सहेली' सुचवली. "हार्मोन नाही त्यात, आपल्या लखनौच्या प्रयोगशाळेत शोधलेली आहे." दोन्ही खरं. सेंटक्रोमन तिचं औषधी नाव, १९९१ पासून बाजारात आहे, सरकारी दवाखान्यात तीच गोळी 'छाया' म्हणून मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "त्यात हार्मोन नाही हे बरोबर, पण ती शरीरात जाऊन बसते इस्ट्रोजेनच्याच जागेवर. कुलपात दुसरी किल्ली अडकवून ठेवावी तशी." आणि काहींची पाळी त्याने लांबते. पाळी चार दिवस लांबली की माझी काय अवस्था होते हे मला माहीत आहे. नको.

राहता राहिली तांबी, म्हणजे कॉपर-टी.

२२ जून

घरात 'तांबी' हा शब्द उच्चारला आणि जणू भुताचं नाव घेतलं.

मावशी फोनवर: "ती वर चढते. एकीच्या काळजापर्यंत गेली होती." सासूबाई: "अंगावरून फार जातं, बाई वाळून जाते." माझी आई काहीच बोलली नाही. नंतर रात्री तिने परत फोन केला आणि पहिल्यांदाच सांगितलं की माझ्या नि दादाच्या मधल्या काळात तिने बसवून घेतली होती. दोन वर्षं काही त्रास नव्हता. मग पाळणा थांबवायचं ऑपरेशन माझ्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी, टाके असतानाच. "विचारलं होतं का तुला?" "विचारायचं काय त्यात? दुसरं झालं की करतातच."

काळजापर्यंत जाण्याचं मॅडमना विचारलं. गर्भाशय ही एक पिशवी आहे, तिथून काळजाकडे रस्ता नाही. बसवताना पिशवीला भोक पडू शकतं, पण ते हजारात एखादीला. म्हणून बसवणारा हात सरावाचा हवा. आपोआप निसटून येण्याचं प्रमाण त्याहून जास्त, आणि बहुतेक पहिल्या वर्षात, म्हणून तांबीचा दोरा जागेवर आहे ना, ते तपासत राहायचं. अंगावरून जास्त जातं ही मात्र अफवा नाही. पहिले तीन ते सहा महिने पाळी जड होते, पोटात दुखतं. सासूबाईंचं निम्मं बरोबर होतं.

तांबीच्या '३८० अ' या नावातलं ३८० म्हणजे ३८० चौरस मिलिमीटर तांबं, प्लॅस्टिकच्या टी-आकारावर गुंडाळलेलं. तांबं कणाकणाने सुटतं, शुक्रजंतूंची चाल मोडतं, बीजापर्यंत पोचायच्या आधीच त्यांना गारद करतं. दहा वर्षं चालते आणि वर्षभरात शंभरात एकीपेक्षाही कमी जणींना दिवस जातात. हे मी जेवताना सांगितलं. सासूबाई रोज पहाटे तांब्याच्या तांब्यातलं पाणी पितात. त्या म्हणाल्या, "म्हणजे तांबं वाईट नाही म्हणायचं." काय उत्तर देणार!

आणि मग नवरा म्हणाला, "मीच करून घेऊ का नसबंदी? बिनटाक्याची?"

त्याचं मोल कमी करत नाही मी. पण ज्या सुरात बिल आल्यावर पाहुणा खिशाकडे हात नेतो, तो सूर होता. त्याला ठाऊक आहे की दुसऱ्या मुलाचं आमचं अजून ठरत नाहीये, आणि नसबंदी म्हणजे कायमचं. मी नाहीच म्हणणार होते. तरी सासूबाईंनी तेवढ्यात "त्याला नको काही, त्याला गाडी चालवायची असते" म्हणून घेतलं. दहा मिनिटांचं काम, दोन दिवस विश्रांती, मग तीन महिने जपायचं आणि तपासणीत शुक्रजंतू नाहीत हे बघायचं, एवढंच असतं ते. बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३. हा दशांश चिन्हाचा घोळ नाही.

सासऱ्यांनी ताटावरून मान वर न करता सांगितलं, "शहात्तर साली, आणीबाणीत, आम्हा मास्तरांना नसबंदीच्या केसेस आणायला लावायचे. केस नाही तर पगार अडकायचा. गावात गेलो की पुरुष उसात लपायचे." त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. गाडी चालवण्याचं कारण नवीन असेल. भीती मात्र आमच्या जेवणघरात पन्नास वर्षांपासून वाढून ठेवलेली आहे, हे मला आज कळलं.

६ जुलै

काल बसवली. पाळीचा चौथा दिवस. आधी हिमोग्लोबिन पाहिलं, ११.२. आतून जंतुसंसर्ग नाही ना, ते तपासलं.

दुखत नाही असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास उडालाय. आधी थंड लोखंडी चिमटा, ते चालतं. मग पिशवीचं तोंड धरतात तेव्हा एक चावा, मग आतली खोली मोजतात तेव्हा कळ अशी आली की मला माझ्या बाळंतपणातला तिसरा तास आठवला. पण ती कळ एका श्वासाची. तिसऱ्या कळेला मॅडम म्हणाल्या, "झालं." सगळं मिळून सात-आठ मिनिटं. घाम आला, कानात शिट्टी वाजली, मला अर्धा तास पडून राहायला सांगितलं. सिस्टरने पेजेसारखा गोड चहा दिला. नवरा बाहेर बाकावर होता, सगळ्या बायकांमध्ये एकटा, लसीकरणाचं पोस्टर वाचत.

हातात एक छोटं कार्ड दिलं: बसवल्याची तारीख, काढायची तारीख. काढायचं वर्ष आलं तेव्हा लेक १५ वर्षांची असेल आणि मी ४५ ची. दुसरं मूल हवंसं वाटलं तर कधीही काढता येते. निर्णय पुढे ढकलायला इतकी अधिकृत परवानगी मला आयुष्यात कुणी दिली नव्हती.

कार्ड लेकीच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये ठेवलं. साड्यांच्या मागे नाही.

८ ऑगस्ट

पहिली पाळी. आता खरं लिहायचं तर खरंच लिहिते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दर दोन तासांनी उठावं लागलं, गाठी पडत होत्या, खुर्चीवर काळा पंचा टाकून बसले. सात दिवस. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने न विचारता माझा काउंटर दोनदा सांभाळला. चौथ्या दिवशी मनात आलं, जाऊन काढूनच टाकावी.

काल दाखवून आले. दोरा जागेवर, तांबी जागेवर, हिमोग्लोबिन १०.६. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि तीन पाळ्या थांब म्हणाल्या. प्रत्येक वेळी इतकंच गेलं आणि हिमोग्लोबिन आणखी उतरलं, तर काढू, दुसरं बघू. मला हे 'दुसरं बघू' फार बरं वाटलं. मावशीच्या गोष्टीत ते कुठेच नव्हतं.

अर्धशिशी? गेली नाही. जुलैत एकदा उठली, नागमोडी रेघेसकट. गोळी सोडली की डोकेदुखी जाईल असं मला कुणी सांगितलंही नव्हतं. धोक्याचं जे जास्तीचं ओझं होतं ते उतरलं, बस.

त्या नऊ गोळ्या परवा कातरून कचऱ्यात टाकल्या. पुडीतला माल संपायला आलाय, नव्याची आता गरज नाही, तरी नवरा काल कोपऱ्यावरच्याच मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या घेऊन आला. पाकीट उघडं, हातात धरून.

आज सकाळी जेवणाआधी गोळी घेतली, वर लिंबू पिळलेलं पाणी. सवयीने चहाच्या कपाकडे हात गेला, तर सासूबाईंनी कप आपल्याकडे ओढला.

"लोहावर चहा नको म्हणाल्यात ना तुझ्या मॅडम? तासाभराने घे. झाकून ठेवते."